पाच मिनिटांत आलोच

रविवारची दुपार. वारज्यात नंदाच्या ओट्यावर भरली वांगी तयार होती, भाकरीचं पीठ परातीत झाकलेलं होतं आणि तिचे कान फोनकडे लागले होते. एकुलता एक सौरभ आणि सून पूर्वा बोटीवरून परत येत होते. मोठी, हॉटेलासारखी बोट. मुंबईहून निघायची, दोन दिवस भर समुद्रात फिरायची आणि कुठेही न थांबता निघाली तिथेच परत यायची. सौरभच्या हिंजवडीच्या ऑफिसातले सगळे जाऊन आले, म्हणून हेही गेले.

"कुठंच उतरायचं न्हाई?" नंदाचे यजमान पोपटराव म्हणाले होते. "मग घरातल्या झोपाळ्यावर बसा की दोन दिवस. तिथंबी पोटात ढवळतंय."

नंदाला बोटीचं काही नव्हतं. तिला वेगळंच डाचत होतं. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण घरातून निघताना 'येतो' म्हणायचं म्हणजे म्हणायचं. ती स्वतः तर रिकाम्या घराला कुलूप लावतानाही 'येते गं' म्हणायची. परवा मात्र सौरभ लिफ्टमध्ये शिरता शिरता हसला. "अगं आई, बोट कुठे थांबतच नाही. म्हणजे आम्ही कुठे जातच नाही. मग येतो काय म्हणायचं?" तिने तोंड उघडेपर्यंत लिफ्टचं दार बंद झालं होतं.

फोन वाजला. "आई, चांदणी चौक ओलांडला. पाच मिनिटांत आलोच!" मागे पूर्वा शिंकली आणि "सॉरी" म्हणाली.

पुण्यातली पाच मिनिटं म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. तरी नंदा तवा ठेवून बाल्कनीत गेली. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. खाली हायवेच्या कडेचा छोटा रस्ता, जिथे पूर्वी पोपटरावांचं कांद्याचं वावर होतं. थोड्या वेळाने भाड्याची एक मोठी पांढरी गाडी आली. मधल्या सीटवर दोघं होती, आणि एवढी जागा असून एका बाजूला चेपून बसली होती. सौरभने हात हलवला. नंदानेही हलवला.

गाडी गेटावरून पुढे निघून गेली.

"वळून येत्याल," पोपटराव पेपरातून म्हणाले.

भाकऱ्या झाल्या, निवल्या. फोन वाजला. "आई, चांदणी चौक ओलांडला. पाच मिनिटांत आलोच!" मागे पूर्वा शिंकली आणि "सॉरी" म्हणाली.

"अरे, आत्ता तर गेटावरून गेलास!" फोन बंद झाला होता.

गाडी पुन्हा आली. पुन्हा चांदणी चौकाच्याच बाजूने. हात हलला. गाडी गेली. नंदा कठडा धरून बघत राहिली. गाडी जाताना दिसत होती. वळून परत येताना एकदाही दिसत नव्हती.

तिसऱ्यांदा गाडी गेली तेव्हा वारा वर आला. त्याला ओल्या मासळीचा, खारट वास होता. वारज्यात, भर दुपारी. माझं पोर, माझं पोर, एवढंच तिच्या डोक्यात फिरायला लागलं.

पुढचा फोन आला तसं तिने त्याला बोलूच दिलं नाही. "सौरभ, बाळा, येतो म्हण! एकदा येतो म्हण रे!"

पलीकडे नुसती घरघर. मग सौरभचा हसरा आवाज. "पण आम्ही कुठे गेलोय, आई?"

पोपटराव आता उठले. तेही घाबरले होते, पण घाबरले की ते चिडायचे. "थट्टा लावलीया काय? आडवाच हुभा ऱ्हातो गाडीला. बघतो कसा थांबत न्हाई!"

"अहो, येतो म्हणा!"

"येडी का काय? गेटापतुर तर चाललोय. कुठं जातोय मी?"

लिफ्ट खाली गेली. नंदा बाल्कनीत धावली. पोपटराव रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे होते. गाडी आली. वेग कमी झाला नाही.

नंदाने डोळे गच्च मिटले.

ब्रेक वाजला नाही. कुणी ओरडलं नाही.

डोळे उघडले तेव्हा रस्ता मोकळा होता. वॉचमन गेटापाशी खुर्चीत मोबाईल बघत बसला होता.

फोन वाजला. पोपटरावांचा.

"नंदा, चांदणी चौक ओलांडला. पाच मिनिटांत आलोच!" आवाज त्यांचाच, पण बोलणं शुद्ध, हसरं. मागे पूर्वा शिंकली.

"अहो..." तिला रडू फुटलं. "अहो, परत या ना हो!"

"तूच ये की खाली. कुठे जायचंय आपल्याला?"

गाडी आली. मधल्या सीटवर तिघं हात हलवत होती. उभ्या जन्मात कुणाला हात न हलवलेले पोपटरावही. आणि तिघंही एका बाजूला चेपून बसली होती. दाराजवळ एका माणसापुरती जागा रिकामी होती.

गेटापाशी गाडी पहिल्यांदाच हळू झाली.

नंदाने गॅस बंद आहे ना, ते पाहिलं. भाकऱ्यांवर फडकं टाकलं. चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतलं. कुलूप लावता लावता सवयीने घराकडे बघून तिने तोंड उघडलं.

काय म्हणायचं असतं, ते तिला आठवेना.