घड्याळ आधी, चित्र नंतर

मानसशास्त्र विभागाचं काचेचं दार तिने असं काही ढकललं की पलीकडून दोन्ही हातांत मॉनिटर घेऊन येणारा माणूस जागच्या जागी गोल फिरला. पडला नाही, हे त्याचं नशीब. मॉनिटरही पडला नाही — हे विभागाचं.

"विभागप्रमुख कुठे बसतात?" तिने विचारलं. विचारलं कसलं, ओरडलीच. पोहायला शिकवणाऱ्या बाईचा आवाज तो. तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत जायची त्याला रोजची सवय.

"वरच्या मजल्यावर," मॉनिटरमागून उत्तर आलं. "पण... आधी जरा दार धराल का?"

आता याला काय म्हणावं! भांडायला आलेल्या माणसाला कुणी दार धरायला सांगतं? पण त्याने सांगितलं आणि तिने धरलं. दाराला पाठ लावून ती पुढचं भांडायला लागली.

"माझ्या बाबांना मंद म्हणणारे तुम्ही कोण?"

"मी? मी तर त्यांना अजून भेटलोही नाही."

"तुमच्या विभागाने म्हटलंय! बस चालवतात बाबा. आजवर गाडीला साधा ओरखडा नाही. आणि तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या खेळात मागे पडले म्हणून त्यांना स्टिअरिंगवरून उठवणार? कुणी बनवला तो खेळ? त्याला समोर आणा माझ्या!"

मॉनिटर हळूच टेबलावर टेकला. त्याच्यामागून एक चष्मा निघाला, मग विस्कटलेले केस, मग बऱ्यापैकी देखणं... पण नाही, राग आलेला असताना असल्या गोष्टी बघायच्या नसतात. तिने बघितल्या नाहीत.

"मीच बनवलाय," तो म्हणाला. "आणि तो खेळ नाही."

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. थोरली लग्न करून लांब गेली होती, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात आता धाकटी आणि बाबा एवढेच. बस कंपनीने मध्यंतरी सगळ्या ड्रायव्हरांना या विभागात चाचणीला पाठवलं होतं. ज्यांचे हात हळू चालतात त्यांना रस्त्यावरून काढून यार्डात टायर तपासायला बसवायचं, असं ठरलं होतं. बाबांचं नाव त्यात आलं.

नुसतं तेवढंच असतं तर धाकटी डेपोत जाऊन भांडली असती. पण बाबांनी ते खरं मानलं हो! ज्या माणसाने तिला बोट धरून रस्ता ओलांडायला शिकवलं, तोच परवा बाजारात रस्ता ओलांडताना तिचं कोपर घट्ट धरून उभा राहिला. "तूच चालव गं धाकटे," म्हणून स्कूटरची किल्ली तिच्या हातात दिली. "माझं आता काही खरं नाही." त्या वेळी तिला असं वाटलं की कुणाचं तरी डोकं फोडावं. कुणाचं, ते आज कळलं होतं.

"ऐका," तो समजावायला लागला. "स्क्रीनवर रस्त्याचा फोटो येतो. फोटोत कुणी आडवं आलेलं दिसलं की बटण दाबायचं. मग पुढचा फोटो, परत तेच. असे ढीगभर फोटो. एखाद्या वेळी माणसाला शिंक येते, लक्ष उडतं, म्हणून एकदा घेऊन भागत नाही. पुन्हा पुन्हा घेतलं की खरा वेग कळतो. मशीनला तुमच्या बाबांशी काय वैर असणार?"

"मग मशीनला म्हणावं, माझा वेग काढ."

"बसणार तुम्ही?"

"का? घाबरेन असं वाटलं?"

"छे. घाबरलोय मी," तो म्हणाला आणि हसला. हसला! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वरच्या खोलीत कुणीतरी बसलेलं होतं म्हणून त्याने तिला तळमजल्यावरच्या खोलीत नेलं. एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, भिंतीला हिरवट पडदा. ती बसली. फोटोत सायकलवाला आला — दाबलं. रिकामा रस्ता — सोडला. चेंडूमागे धावणारं पोर — दाबलं, असं की टेबल हललं.

"बटण इतक्या जोरात का दाबताय?"

"तुमचा चेहरा आठवतो म्हणून."

"म्हणजे... आठवतो तर."

तिचे कान गरम झाले, आणि त्याचाही तिला राग आला.

चाचणी संपली. तो आकडे बघत राहिला. ओठ घट्ट दाबून धरलेले.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही जरा..."

"जरा काय?"

"वेगाच्या हिशोबाने साठीच्या आसपास आहात." आणि मग त्याला हसू आवरेना.

"मी?" ती खुर्ची सारून उठली. "मी मंद? अहो, पोराच्या नाकातोंडात पाणी जायच्या आत मी त्याला वर काढते! रोज काढते! तुमचं मशीनच भिकार आहे. आणि तुम्ही बसलाय दात काढत!"

त्याचं हसू हळूहळू विरलं. तो एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा स्क्रीनकडे. तिच्या वयाची, तिच्यासारखी पोहणारी बाई इतकी हळू असणं शक्यच नव्हतं, एवढं त्यालाही कळत होतं.

"वर चला," तो म्हणाला. "प्लीज."

वरची खोली एव्हाना रिकामी झाली होती. तिथला कॉम्प्युटर नवाकोरा होता. चाचणी तीच, फोटो तेच, राग तोच. या वेळी आकडे आले ते एखाद्या खेळाडूचे. तो मटकन खुर्चीत बसला.

"खाली कोण बसलं होतं चाचणीला?" त्याने विचारलं आणि उत्तरही त्यानेच दिलं. "पन्नाशीच्या पुढचे सगळे. विभागप्रमुख मॅडमच म्हणाल्या होत्या, वयस्कर माणसांना कशाला जिने चढायला लावायचे."

"मग?"

त्याने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळी उघडल्या आणि बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक फोटोच्या वेळी दोन गोष्टी व्हायच्या : घड्याळ सुरू करायचं, आणि फोटो उघडून स्क्रीनवर आणायचा. त्याने घड्याळाची ओळ आधी लिहिली होती आणि फोटोची नंतर. वरच्या कॉम्प्युटरवर फोटो चटकन उघडायचा, म्हणून फरक पडत नव्हता. खालचं धूड मात्र प्रत्येक फोटोला धापा टाकायचं, आणि तोवर घड्याळ चालूच. समोर काही दिसायच्या आधीच माणसाचा वेळ मोजला जात होता. एकदा नाही, प्रत्येक फोटोला.

धाकटीला ते समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे म्हातारं झालं मशीन, आणि नाव लागलं माझ्या बाबांचं?"

"हो."

"आणि ही चूक—"

"माझी. शंभर टक्के माझी."

तिच्याजवळ अजून भांडणाची बरीच शिदोरी शिल्लक होती. भांडायला आलेल्या माणसासमोर असं पटकन 'हो' म्हणून मोकळं व्हायचं, हा शुद्ध अन्याय आहे! सगळं तोंडातल्या तोंडात राहिलं तिच्या.

त्यानंतरचे चार-पाच दिवस ती क्लास संपला की ओल्या केसांनीच विभागात जायची. त्याने ओळी सुधारल्या होत्या — फोटो सगळे आधीच उघडून ठेवायचे, आणि स्क्रीनवर दिसला की मगच घड्याळ. आता तपासायला कुणीतरी खाली-वर, खाली-वर बसायला हवं होतं. दुसरं कुणी मिळालं नसतं का? मिळालं असतं. त्याने विचारलं नाही आणि तिनेही सुचवलं नाही.

"आज उशीर?" तो विचारायचा.

"तुम्ही घड्याळ लावून बसला होतात की काय?"

"हो... पण कुणी दिसायच्या आधीपासूनच चालू होतं."

"सुधारा मग!"

"प्रयत्न करतोय, जमत नाही," तो म्हणायचा आणि चष्मा पुसायला घ्यायचा. चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार साधे दिसायचे. तिला ते बघायला आवडायचं, आणि आवडतंय हे कळलं की ती उगाच चिडून काहीतरी बोलायची.

मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"मॅडम म्हणतात, अहवाल कंपनीकडे गेलाय. आता चूक सांगितली तर विभागाची अब्रू जाईल. पुढच्या खेपेला नीट करू म्हणतात."

"पुढच्या खेपेला? बाबांना सोमवारपासून यार्डात बसवतायत! तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं... विचार करतो."

"विचार करतो?" तिचा आवाज चढला. "बाबांना दिसायच्या आधी तुमचं घड्याळ चालू! आणि स्वतःवर वेळ आली की विचार करतो? करा, निवांत करा विचार!"

फोन तिने कापला. त्यानंतर तो वाजत राहिला, तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तलावात पोरांना शिकवताना तिचे डोळे लाल झाले होते. पोहणाऱ्यांचे डोळे लाल असतातच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. बाबांची गाडी जाणार याचं तिला दुःख होतंच. पण हा माणूस असा निघावा? आपण याच्यासाठी केस ओले ठेवून धावत जात होतो? स्वतःचाच इतका संताप आला तिला की एका पोराला तिने विनाकारण दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या.

शनिवारी ती बाबांना जवळजवळ ओढतच डेपोत घेऊन गेली. मॅनेजरशी दोन हात करायचेच असं ठरवून. "कशाला गं तमाशा," बाबा पुटपुटत होते. ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीशी मात्र ही गर्दी! आणि आत, पंख्याखाली, दोन कॉम्प्युटर मांडून तो बसलेला. शर्ट घामाने भिजलेला. समोर पन्नाशीचे, साठीचे ड्रायव्हर एकामागून एक बसत होते. मॅनेजर स्वतः शेजारी उभा होता.

"तुम्ही इथे?"

"कंपनीला काल सगळं सांगितलं मी," तो म्हणाला. "चूक कुठे झाली, कुणी केली. त्यांनी सांगितलं, परत घ्या."

"आणि मॅडम?"

"भडकल्यात. माझ्या नोकरीचं सोमवारी कळेल."

"मग मला सांगायचं नाही?"

"फोन उचलला असता तर सांगितलं असतं ना!"

पहिल्यांदाच तो चिडला होता. चिडल्यावर फार छान दिसत होता, मेला.

बाबा मात्र बसायला तयार होईनात. "राहू दे पोरा. वय झालंय माझं. परत कशाला हसं करून घेऊ?"

"बाबा, तुम्ही बसणार आहात की मी—" धाकटी सुरू झाली, पण तो मध्ये पडला.

"काका, तुम्ही चुकला नव्हता. मी चुकलो होतो. मला तेवढं निस्तरू द्या."

मग बाबांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि बसले. रस्ता, रस्ता, सायकलवाला. रस्ता, म्हातारी. नकळत धाकटीने शेजारी उभ्या असलेल्या त्या कॉम्प्युटरवाल्याची बाही मुठीत धरली होती. त्याने ती सोडवली नाही.

आकडे आले. बाबा काही सगळ्यांत चपळ नव्हते. पण चाळिशीतल्या दोघा-तिघांच्या पुढे होते.

"परत घे," बाबा म्हणाले.

परत घेतलं. परत तेच. बाबा उठले, शर्टाची कॉलर नीट केली, आणि खोलीबाहेर गेले. बाहेर नळावर ते बराच वेळ तोंड धूत होते.

मॅनेजरने त्यांना एका रिकाम्या बसची किल्ली दिली. यार्डात एक फेरी मारून दाखवायची, नियम म्हणून, आणि सोमवारी नेहमीच्या रूटवर. "तुम्ही दोघं पण बसा," बाबा म्हणाले. धाकटी खिडकीशी बसली, तो शेजारी. बस हलली.

"शहाणपणाच केलात," ती म्हणाली. "नोकरी घालवून बसलात."

"अजून गेली नाही."

"जाईल! दुसरी बघून ठेवलीय का? नाही ना? वाटलंच मला. मी असते ना तुमच्या घरात—" आणि ती थांबली.

खिडकीबाहेरून टायरांचा ढीग गेला, पाण्याची टाकी गेली, डिझेलचा पंप गेला.

"एक बोलायचं होतं," तो म्हणाला.

"बोला."

"म्हणजे... तसं घाईचं नाही."

"मग राहू द्या!"

"नाही, तसं घाईचंच आहे. पण कसं सांगू..." त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

टायरांचा ढीग गेला. पाण्याची टाकी गेली. ती त्याच्या हातांकडे बघत होती. स्वतःच्या मॅडमशी भांडून आलेला माणूस हा! आणि आता तोंडातून शब्द फुटेना? पंप गेला. परत टायर, टाकी, पंप. आणि परत टायर.

कचकन ब्रेक लागला. बाबांनी इंजिन बंद केलं आणि सीटवर मागे वळून बसले. चेहरा असा, की घरात राग कुठून आला ते कुणालाही कळावं.

"अहो साहेब, मॅनेजरने एक फेरी सांगितली होती. ही चौथी! पोरीशी बोलणार आहात की कंपनीचं सगळं डिझेल संपवू?"

"बाबा!" धाकटी किंचाळली.

तो ताडकन उठला. वरच्या दांडीवर डोकं आपटलं, तरी तसाच ताठ उभा राहिला. "काका," तो म्हणाला, "मला ही आवडते. खूप. लग्न करीन म्हणतो मी हिच्याशी."

"त्यांना काय सांगताय?" धाकटीचा पारा असा चढला की पार डेपोच्या फाटकापर्यंत आवाज गेला. "मला सांगा ना!"

तो तिच्याकडे वळला. कपाळावर टेंगूळ, हातात चष्मा, आणि डोळ्यांत सगळं लख्ख.

बाबांनी डोक्यावरचा आरसा वर फिरवला, गाडी सुरू केली आणि पाचवी फेरी घेतली.