पालमच्या गच्चीवरून

मी अनुपमा. अमरावतीला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. तरी हे सांगते आहे, कारण सांगितल्यावाचून चैन पडत नाही.

एकसष्ट साली माझा धाकटा भाऊ रविकांत सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेला निघाला. विमान दिल्लीहून होतं. त्याला पोचवायला आई आणि मी नागपूरहून जी.टी. एक्स्प्रेसने बरोबर गेलो. हातावर घालायचं दही आईने घरून डब्यात घेतलं होतं. पालम विमानतळावर पोचेपर्यंत ते इतकं आंबलं की रवीने तोंड वाकडं करून चाटलं आणि मला हसू आवरेना.

पोचवायला आलेल्यांसाठी तिथे गच्ची होती. खाली मैदान उन्हात भाजत होतं. तेलाचा उग्र वास, कानठळ्या बसवणारा आवाज आणि वाऱ्याने आईचा पदर काही डोक्यावर ठरेना. प्रवासी पायीच विमानाकडे निघाले. तपकिरी कोट, गळ्यात आमचा हार. रवी शिडी चढला, वर जाऊन वळला आणि आमच्याकडे बघून हात हलवला.

“सुखरूप परत ये रे बाबा,” आई म्हणाली. दार लागलं, विमान उडालं.

आम्ही खाली आलो तर रवी बाकावर बसलेला. लस टोचल्याच्या कागदावर शिक्का नव्हता म्हणून त्याला आतूनच परत पाठवलं होतं. बॅग तेवढी विमानात गेली होती. कोट अंगावर होता, हारही गळ्यात होता. मी म्हटलं, लांबून आपली नजर चुकली, दुसरा कोणी असेल. परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेरच बघत होती.

शिष्यवृत्ती हुकली ती हुकलीच. रवीने अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी धरली. शनिवारी घरी यायचा. आई त्याला वाढायची, पण ‘घ्या, संकोच करू नका’ असं म्हणायची. पोटच्या पोराला! एकदा तो समोर भात कालवत असताना ती मला म्हणाली, “अनू, तिकडं थंडी लय असन गं. पोरगा कसा करून राहिला असन?” त्या दिवशी मी आईशी कडाडून भांडले.

मग आमचा नेहमीचा टांगेवाला बुधाजी. त्याने मला विचारलं, रविभाऊ विलायतेहून कधी येऊन राहिले? रवी त्याच टांग्यात माझ्या शेजारी बसला होता. मी थट्टेवारी नेलं. रवी हसला नाही.

पावसाळ्यात बॅग परत आली. कुलूप शाबूत होतं. आतल्या शर्टांच्या कॉलरी झिजल्या होत्या आणि मेतकुटाचा डबा अर्धा संपला होता.

तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. शनिवारी रवी यायची वेळ झाली की मी दहादा दारात जाऊन बघायची. तो आला की जीव भांड्यात पडायचा. दर वेळी तो थोडा फिकट वाटायचा. नजरेचा दोष, असं मी स्वतःला समजवायची.

“ताई,” एकदा तो म्हणाला, “तू मले नावानं हाक मारत जाय. तू हाक मारतं तवा मले बरं वाटते. बाकी कोणी मारत नाही.”

मी मारत राहिले. कारण नसताना, ह्या खोलीतून त्या खोलीत, रवी, रवी.

त्रेसष्टच्या दिवाळीत दुपारी आम्ही दोघं माजघरात पाटांवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होतो. बाहेर टांगा थांबला.

“आई,” कुणीतरी हाक मारली.

आई स्वयंपाकघरातून धावली. तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि पाण्याचा तांब्या.

रवीने माझं मनगट धरलं. त्याचा हात गार होता.

दारात तुकडा ओवाळून टाकून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पावलं. ती मला ओळखीची होती.

तो माजघराच्या उंबऱ्यात आला. जरा अंगाने भरलेला, गोरा झालेला.

“ताई,” तो म्हणाला.

“रवी!” मी म्हणाले.

मनगटावरची पकड सुटली. मी वळले. पाट रिकामा होता. अर्धवट फोडलेली एक शेंग त्यावर होती.

तो येऊन त्याच पाटावर बसला.

“पाट गरम आहे,” तो म्हणाला. “आत्ता कोण बसलं होतं इथं?”

आईने माझ्याकडे पाहिलं.

“कोणी नाही,” मी म्हणाले.