परिटाच्या थडग्यापाशी

तर्तुलस पहिल्यांदा आमच्या दुकानात आला, तेव्हा टोग्यावरचा डाग त्याने हाताने झाकून धरला होता. रोममध्ये सगळेच झाकतात. आम्ही परीट. सुबुरा वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर आमचे रांजण. येणारेजाणारे त्यात लघवी करतात आणि त्याच लघवीत धुतलेले शुभ्र टोगे नेसून पहाटे थोरामोठ्यांच्या दारी मुजऱ्याला उभे राहतात. आमच्यापाशी आले की मात्र नाकाला पदर.

मी त्याचा हात बाजूला केला. डाग तेलाचा होता, दिव्यात घालतात त्या तेलाचा.

"काल पंगतीत अगदी शेवटी बसवलं तुम्हाला," मी म्हटलं.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या टोग्याने. यजमानाच्या माशावर चांगलं तेल असतं. हे कोबीवर घालतात, फुकट्या पाहुण्यांच्या."

"कोबी सडका होता... तेही ओळखा ना."

"तो चेहऱ्यावर दिसतोय."

तेव्हापासून त्याचा टोगा फारच मळू लागला. इतक्या पंगतींना त्याला कोण बोलावणार? एका सकाळी तर डाग अजून ओला होता, आणि सकाळी कुणी मेजवान्या देत नाही. ओला डाग तिथल्या तिथे निघतो. तरी मी त्याला परवा या म्हणून सांगितलं.

तो शहरातल्या ढोंगांवर कविता लिहायचा. कपडे उलगडता उलगडता मी त्याला गिऱ्हाइकं वाचून दाखवायची. निपुत्रिक श्रीमंत म्हाताऱ्याच्या उशाशी रडणाऱ्या एकाच्या पदराला, मृत्युपत्र होईपर्यंत, रोज कांद्याचा वास यायचा. आठवड्याभरात तो कांदा कवितेत शिरून सार्वजनिक स्नानगृहांत लोकांच्या तोंडी होता. आमच्या नाकाचं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

मग एकदा मी त्याला बाबांचं सांगितलं.

माझे बाबा यूटिकस जन्माने गुलाम. नावसुद्धा मालकाने ठेवलेलं. सुटका झाल्यावर तेच नाव दगडात कोरून ठेवायचं त्यांनी मनात घेतलं आणि जिवंतपणीच शहराबाहेर थडगं बांधायला काढलं. सुटीच्या दिवशी आत निजून मापही घेऊन यायचे. पाथरवटाचा मुलगा लिबो नाव हातभर अक्षरांत कोरून देणार होता, आणि बदल्यात त्याला मी मिळणार होते. लिबो वाईट नव्हता. फक्त माझ्याकडेही दगडात कुठे भेग आहे का अशा नजरेने बघायचा.

ऐकून तर्तुलस उठला. कपडे न देताच गेला.

पुढची कविता थडग्यात निजून पाहणाऱ्या परिटाची निघाली. अख्खा सुबुरा बाबांना विचारू लागला, पाय पुरतात का म्हणून. बाबांनी कवीला बोलावणं धाडलं. मला कळून चुकलं, आज तो उंबऱ्याबाहेर गेला की पुन्हा येणार नाही, आणि मी महिन्याभरात लिबोच्या घरी.

बाबा हौदात कपडे तुडवत उभे होते.

"काय हो कविराज, तो परीट म्हणजे मीच ना?"

तर्तुलसने मान खाली घातली.

"मग माझं नाव का नाही घातलंत?"

जिवंत माणसाचं खरं नाव घालत नाहीत, खटले होतात, एक तर खोटं घालायचं नाहीतर मेलेल्याचं, असं त्याने चाचरत समजावलं. बाबांनी आणखी जोरात तुडवायला घेतलं.

"म्हणजे मेल्यावर घालाल."

"घालीन."

"आणि विसरलात तर? मी काय उठून विचारायला येणार आहे?"

"घरातला माणूस विसरणार नाही, बाबा," मी म्हटलं.

हौदातले पाय थांबले. तर्तुलस माझ्याकडे बघत राहिला...

"अल्बिया — हेही टोग्यावर वाचलंत?" त्याने हळूच विचारलं.

"ओल्या डागावर."

बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आणि लिबोला काय सांगू, पोरी?"

"अक्षरं बारीक चालतील म्हणावं."

लग्न झालं. बाबा मात्र मरायला तयार होईनात. प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, मी गेल्यावर बघा माझं नाव. शेवटी गेले, तेव्हा तर्तुलसची लेखणी अडली. लोक हसतील म्हणाला. मी म्हटलं, आजवर नाक धरत होते, आता हसू देत.

त्याने नाव घातलं.

सुटीच्या दिवशी आम्ही दोघं बाबांच्या थडग्यापाशी जाऊन बसतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठ्यांचे संगमरवर आहेत, वाटसरू त्यांच्यावरून तसेच पुढे जातात. आमच्यापाशी येऊन थबकतात. वाकून बारीक अक्षरं वाचतात, त्यांना ती कविता आठवते, हसू फुटतं, आणि मग बरोबरच्याला हाक मारून ते बाबांचं नाव मोठ्याने सांगतात.

आम्ही मागे अंजिरं खात असतो. तर्तुलसच्या टोग्यावर दर वेळी डाग पडतो. मुद्दाम पाडतो, असा माझा संशय आहे.