आत: एक

शीतगृहाच्या दारावरच्या डिजिटल पडद्यावर ‘आत: एक’ दिसत होतं, आणि तो एक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सकाळी पेट्या मोजायला आत गेला, तो जेवणालाही बाहेर आला नव्हता. रखवालदाराने दार उघडलं. पेट्या, पंखे, पांढरी वाफ. खुंटीवर भावाचा जाड कोट लटकत होता, आणि खिशातला फोन तिच्याच कॉलने वाजत होता. भाऊ मात्र कुठेच नव्हता. दुसरं दारही नव्हतं.

“कॅश असेल,” ती म्हणाली. “जुनंच दाखवतंय.”

ही यंत्रणा तिनेच लिहिलेली. मालकांना पडद्यावर आकडे झटपट दिसायला हवे होते, म्हणून एकदा मिळालेलं उत्तर जवळ ठेवून तेच पुन्हा द्यायचं, ही ‘कॅश’ची सोय तिने सरसकट सगळ्या नोंदींना लावून टाकली होती. पेट्यांच्या वजनाला ती चालते. माणूस आत की बाहेर, याला नाही. घाई नडली. आता आपलेच दात, आपलेच ओठ.

तिने ते बदललं. मुद्दाम सांगितल्याशिवाय काहीही जवळ ठेवायचं नाही, दरवेळी मूळ नोंदच पाहायची. पडदा पुन्हा सुरू केला.

‘आत: एक.’

तेवढ्यात आतली घंटा वाजली. अडकलेल्या माणसाने दाबायची ती. दोघं धावले. दार उघडलं. कुणीच नाही.

“ताई, पोलिसांना बोलवू या.”

“तोवर गारठून मरेल हो तो, काका! मी जाते. दार लावू नका.”

दारापाशी नोंदीचं कार्ड टेकवून ती आत शिरली. हाका मारत पेट्यांमागे, पंख्यांखाली शोधत राहिली. मागे दार मिटल्याचं तिला उशिरा कळलं.

तिने घंटा दाबली.

दार उघडलं. रखवालदाराशेजारी भाऊ उभा होता, भुवयांवर हिम. तिला रडू कोसळलं.

“अरे, होतास कुठे!”

दोघं तिच्या आरपार पेट्यांकडे पाहत होते.

“काका, ताई कुठंय?”

“आत्ता तर आत गेली. नाही दिसत बाबा.”

“पण पडद्यावर ‘आत: एक’ आहे!”

ती उंबऱ्याकडे धावली. उंबरा तेवढाच लांब राहिला.

“कॅश असेल,” रखवालदार समजूत घालत म्हणाला. “ताईच म्हणाली होती, जुनंच दाखवतंय.”

आणि गारवा वाया जाऊ नये म्हणून त्याने दार लावून घेतलं.