ओझ्याला भिंतीची बाजू

एर्सिलियाचं पत्र आलं तेव्हा गावभर जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती. पुढे ती पिळून झाली, रस पिंपात गेला, तरी मी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र जेमतेम चार ओळींचं. 'नोव्हेंबरात, सान मार्तिनोच्या सणानंतरच्या शनिवारी दुपारच्या गाडीने मी जेनोव्याला भाचीकडे चालले – कायमची. मी जन्मले तेव्हा बाबांनी माझ्या लग्नासाठी गोड वाइनची बाटली तळघरात ठेवली होती. ती अजून तशीच आहे. तिचं काय करू, ओत्तावियो?'

यावर काय लिहायचं असतं? मी कोर्निल्याच्या वाचनालयाचा म्हातारा ग्रंथपाल. ती वेर्नात्साहून डोंगरवाटेने पुस्तकं बदलायला यायची. मी पुस्तकांवर भरभरून बोलायचो. बाकीचं... राहून जायचं.

उत्तरं लिहिली, फाडली. तो शनिवार उजाडला तेव्हा एकच फाडायचं राहिलं होतं. ते घेऊन स्टेशनच्या पायऱ्या उतरू लागलो. निम्म्यावर एक शब्द खटकला. तो बदलायला घरी परतलो, आणि वेर्नात्साची सकाळची गाडी गेली. आता उरली पायवाट. तिच्यावर साखळी होती, वादळामुळे वाट बंद. मी साखळीखालून वाकून गेलो.

वारा समुद्रावरून अंगावर येत होता. एका वळणावर बांधाचे दगड ढासळले होते. वाट पाऊलभर उरली होती. आणि पलीकडे, पाठीवर टोपली घेतलेली... एर्सिलिया!

"थांब तिथेच!" ती ओरडली. "माझ्याकडे ओझं आहे. भिंतीची बाजू माझी."

आमच्या वाटांवर नियमच आहे तो. ओझेवाल्याला डोंगराकडची भिंत, रिकाम्याने दरीकडे सरायचं. पण दरीकडे जागा होती कुठे? खाली लाटा फुटत होत्या.

"मी... मागे सरकतो."

"हो, ते तुला छान जमतं!"

"चाललीस कुठे?"

"तुझ्या दारात बाटली ठेवायला. मला नाही, तिला तरी उत्तर देशील. गाडीत हिंदकळली असती, म्हणून चालत आले. सामान पुढे गेलंय. गाडी तुझ्याच गावाहून पकडेन."

"माझ्याकडेही ओझं आहे," मी म्हणालो.

"हात तर रिकामे दिसतायत."

मी खिशातून पत्राचं पाकीट काढलं. वाऱ्याने ते जवळजवळ हिसकावलंच.

तिने एक पाऊल पुढे टाकलं – आणि तिच्या पायाखालचा दगड निसटला. टोपली कलली.

"बाटली!" ती किंचाळली. "ओत्तावियो, बाटली धर!"

"बाटली जाऊ दे! तू हात दे!"

मी दरीच्या बाजूला कधी गेलो, तिचं मनगट कधी धरलं, मला कळलंच नाही. कळलं तेव्हा आम्ही भिंतीला टेकून धापा टाकत होतो. बाटली शाबूत होती. तिचं मनगट अजून माझ्या हातात होतं.

"हे लिहिलंयस आत?" तिने त्या धरलेल्या मनगटाकडे बघत विचारलं.

"नाही... ते बरंच लांबलचक आहे."

"मग वाचायलाच हवं." मी पाकीट पुढे केलं, तशी तिने मान हलवली. "असं नाही. इतके दिवस पोस्टमनची वाट पाहिलीय मी. पोस्टानेच येऊ दे."

आम्ही गावात पोचलो. टोपली माझ्या पाठीवर होती, भिंतीची बाजू तिने मला दिली होती. चौकातल्या लाल पेटीपाशी मी थबकलो. पाकिटावर वेर्नात्साचा पत्ता होता. खाली बोगद्यात गाडीची घरघर ऐकू येऊ लागली.

"जेनोव्याचा पत्ता..." मी पाकीट तिच्यासमोर धरलं. "सांगतेस?"

तिने त्यावरचा पत्ता वाचला. गाडी स्टेशनात शिरली.

"पेन आहे ना? खोड तो पत्ता. तुझ्या घराचा घाल... मला तिथेच मिळेल."

अक्षर फार वाकडं आलं. खाली गाडी सुटली. तिने मान वळवून पाहिलंही नाही. आणि मी, या वेळी एकही शब्द न बदलता, पाकीट पेटीत टाकलं.