गंधाचं बोट

आता दिवाणखान्यात मेलेल्या माणसाचा फोटो कुणी लावत नाही, मनपत्रा लावतात. शेवटच्या आजारात मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांचा नकाशा काढायचा आणि तो वीजवाहक शाईनं ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापायचा. मग खोलीतल्या उजेडावर ते जाळं चालू राहतं आणि रंग सावकाश सरकतात. पाहुण्यांना ते अमूर्त चित्र वाटतं. सोफ्याला शोभतं म्हणून ते कौतुकही करतात.

सुलभा खैरनार आपल्या मुलाचा, ओजसचा, पत्रा घेऊन नाशिकच्या छपाई केंद्रात आली, तेव्हा त्याच्या मधोमध बंद्या रुपयाएवढा पांढरा चट्टा पडला होता. डॉ. रेणुका मुजुमदारांनी तो खिडकीशी नेऊन पाहिला. हे तंत्र त्यांचंच.

"कशानं पुसता?"

"तुम्ही सांगितलंत तसं. कोरड्या फडक्यानं नुसती धूळ झटकते. सकाळी गंध लावते तेवढंच, बोटानं."

"रोज?"

"रोज. लावलं की केशरी रंग फुलतो बघा, पार कडेपर्यंत! आई आली की खुलतो माझा ओजस."

एवढं सुख मोडायचं कुणाच्या जिवावर येणार नाही? पण मुजुमदारबाईंना खोटं बोलता येत नसे. त्यांचा हा गुण आजवर कुणाच्याच कामी आलेला नव्हता.

"सुलभाताई, बोटाच्या घामात क्षार असतात, गंधात ओल असते. त्यानं छाप झिजते. आणि त्या छापेत वेदनेच्या वाटाही आहेत. झिजताना त्याच पेटतात. तो केशरी रंग म्हणजे ओरडणं आहे."

सुलभानं आपलं बोट पदराला पुसलं.

"दिवाळीला मी उटणं लावलं हो त्याला," ती म्हणाली.

मग सुलभानं विचारलं, "हात लावला नाही तर?"

"तर शांत राहतो. निळा, करडा. वर्षानुवर्षं."

"मी आलेय हे कळतं त्याला?"

"नाही. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. पोचतो तो स्पर्शच, आणि तो असा."

"दुसरी प्रत निघेल?"

"निघेल. मूळ नकाशा आमच्याकडे आहे. पण याच्यावर जे गुदरलं, ते तिला ठाऊक नसेल. तिचा तो पहिलाच दिवस. हा मग आम्ही विझवू."

"बरं," सुलभा म्हणाली. जुन्या पत्र्याकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही.

नवी प्रत भिंतीवर लागली. काही दिवस सुलभानं खरोखर पाळलं. फडक्यानं धूळ झटकायची आणि लांबूनच हात जोडायचे. पत्रा निळाच राहिला. घर तिला खायला उठलं.

ओजसच्या वाढदिवशी तिनं सहाणेवर चंदन उगाळलं.

"थोडंसं दुखेल हं, सोन्या," ती म्हणाली आणि बोट टेकवलं.

या प्रतीला हे पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे रंग कधी नव्हे इतका गडद आला. कडेपर्यंत जाऊन तो परत फिरला आणि तिच्या बोटाभोवती थरथरत राहिला.

"आहेस ना रे," सुलभा म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. तिनं दुसरं बोटही गंधात बुडवलं.