नटवलेलं इंजिन

इंजिन आधी गुरगुरलं, मग गरजलं, मग आवाज चढवत चढवत पार वर गेलं आणि जिथे गळा मोकळा सोडायचा, नेमकं तिथेच अडखळलं. फट्. फट्-फट्. मामाने हात आडवा केला, फिटरकाकांनी इंजिन बंद केलं आणि शेडमधल्या पिवळ्या रेघेमागे उभ्या असलेल्या तिन्ही मुलांनी कानांवरची जाड झाकणं काढली.

"लागली परत उचकी," मामाचा मुलगा भोपळ्या म्हणाला. "कुणीतरी आठवण काढतंय बिचाऱ्याची."

त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला कोपराने ढोसलं. हिला सगळे वकीलबाई म्हणत, कारण ती जेवायला बसायलाही कारण विचारायची. त्यांची आतेबहीण भिंगरी मात्र गाडीकडे बघत होती. आठवण कोण काढतंय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

ही गाडी तिच्या आईची. बांधली मामाने, पण चालवावी ती आईनेच. सरळसोट रस्ता, शेजारीशेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की धरलेला श्वास सोडायच्या आत शर्यत संपलेली! असल्या शर्यतीत आईच्या तोडीचं आसपास कुणी नव्हतं. म्हणूनच एका मोठ्या संघाने तिला दूरदेशी बोलावून घेतलं होतं. गेल्या सुट्टीत ती गेली, ती अजून परतली नव्हती. फोनवर रोज भेटायची. पण फोनला कूस नसते. भिंगरी हे कुणाला बोलून दाखवायची नाही. नुसती आईचा जुना हातमोजा उशीखाली ठेवून झोपायची आणि सकाळी कुणी बघायच्या आत तो कपाटात ठेवून द्यायची.

आता मात्र आई येण्याची एक वाट निघाली होती. रविवारी इथेच शर्यत होती आणि संघाने आईला तेवढ्यापुरती सुट्टी कबूल केली होती. अट एकच, गाडी ठणठणीत हवी. अडखळणाऱ्या इंजिनावर ते आपल्या चालकाला बसू देणार नव्हते. ये की नको येऊस, हे मामाने आज संध्याकाळपर्यंत आईला कळवायचं होतं.

"पंपच गेलाय," मामा कपाळ पुसत म्हणाला. आवाज वर चढला की इंधन पुरत नाही, असं त्याचं म्हणणं. फिटरकाकांना वाटत होतं की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्यात. पण स्प्रिंगा बदलून झाल्या होत्या, प्लग बदलून झाले होते, फिल्टरही झाला होता. उचकी होती तिथेच होती. आणि नवा पंप काही शर्यतीच्या आत येत नव्हता.

मामाने खिसे चाचपले. फोन नव्हता. बाकावर बघितलं, तिथेही नव्हता. "हात धुऊन येतो आणि ताईला सांगून टाकतो," तो पाठमोराच म्हणाला. "यंदा नको येऊस म्हणावं."

भिंगरी एका जुन्या टायरवर जाऊन बसली. भोपळ्या समोरच्या स्टुलावर आधीच बसलेला होता, आणि कधी नव्हे इतका ताठ.

"तू फोनवर बसलायस," वकीलबाई हळूच म्हणाली.

"बसलोय. तुम्ही डोकं चालवा. मला जे जमतं ते मी करतोय."

वकीलबाईने मग फिटरकाकांची उलटतपासणीच सुरू केली. इंजिन शेवटचं चांगलं कधी चाललं? गेल्या हंगामात, अगदी लोण्यासारखं. उचकी कधी लागली? ह्या सुट्टीत पहिल्यांदा सुरू केलं तेव्हाच. मध्ये काय केलंत? काका म्हणाले, काहीच नाही, इंजिनला हातसुद्धा लावलेला नाही.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. हात तर सगळ्यांनीच लावला होता! आई येणार म्हणून मामाने इंजिन नटवायला काढलं होतं. तुझं इंजिन म्हणजे आठवडाभर न विंचरलेलं डोकं, असं आई त्याला नेहमी चिडवायची. म्हणून ह्या खेपेला त्याने इंजिन पुसून लख्ख केलं, आणि इकडेतिकडे लोंबणाऱ्या सगळ्या वायरी एकत्र घेऊन त्यांची घट्ट वेणी घातली. वायरी धरायला मुलं होती. बांधायचे प्लास्टिकचे पट्टे निळे हवेत, हा हट्ट भिंगरीचा. आईचा आवडता रंग. त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की झोपेतही हसली, असं मामी सांगत होती.

"मोठी माणसं आवराआवरीला काम धरतच नाहीत," वकीलबाई म्हणाली. "म्हणून ती त्यांच्या लक्षातही राहत नाही."

भिंगरी उठून त्या वेणीपाशी गेली. जाड लाल वायरी प्लगकडे जाणाऱ्या. त्यांच्यातून ठिणगीची वीज धावते. आणि त्यांच्या पोटात दडलेली एक बारीक करडी. ती काय करते, हे तिने काकांना विचारलं. ते म्हणाले, ती चुगलखोर. इंजिनातलं चाक कुठवर फिरलंय ते ती इंजिनाच्या मेंदूला कळवते, मग मेंदू ठरवतो ठिणगी कधी टाकायची.

"आणि इंजिन सुरू झालं की तुमचा रेडिओ का खरखरतो?"

काका हसले. लाल वायरींमधली वीज फार दांडगट, ते म्हणाले, हवेतूनही रेडिओला जाऊन चिमटे काढते.

भिंगरी जागच्या जागी थबकली.

"काका, रेडिओ तर त्या खिडकीत आहे. ही करडी तर लाल वायरींच्या कुशीत झोपलीय."

फिटरकाकांचं हसू ओसरलं. एवढ्यात मामा हात पुसत आला आणि फोन शोधायला लागला. भोपळ्या छताकडे बघत राहिला. भिंगरीने मामाचा हात धरून त्याला इंजिनापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. मामा वैतागलाच. वायरींना काय धाड भरलीय, उलट आधीपेक्षा देखण्या झाल्यात, पंपाचं दुखणं वायरी हलवून बरं होत नसतं, असं बरंच काही बोलला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मामा, आधी ही करडी वायर एकटीच पलीकडून, इतक्या लांबून का नेली होती?"

मामाने वाकून ती करडी वायर बोटांनी चाचपली.

"मीच नेली होती," तो म्हणाला. "लाल वायरींपासून लांब असावी म्हणून. इंजिन हळू चालतं तेव्हा भागून जातं. पण वेग वाढला की ठिणग्यांचा नुसता कल्लोळ. भरल्या वर्गात सगळे ओरडत असताना कुणी कानात आकडे सांगावेत, तशी गत होते मेंदूची. चुकीचं ऐकतो आणि भलत्याच वेळी ठिणगी टाकतो." त्याने कपाळावर हात मारून घेतला. "ताईला छान दिसावं, ह्या नादात मलाच विसर पडला."

पट्टे कापायची कात्री त्याने भिंगरीकडे दिली. एकेक निळा पट्टा तुटून खाली पडत होता आणि तिला उगाच वाईट वाटत होतं. वेणी सुटली. करडी वायर पुन्हा एकटी, लांबच्या वाटेने, वेडीवाकडी निघाली. मामा लगे हात जुना पंपही खोलायला निघाला, तर वकीलबाई आडवी आली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार कसं?

सगळे पिवळ्या रेघेमागे गेले. इंजिन गुरगुरलं. गरजलं. चढलं. भिंगरीने डोळे गच्च मिटले. आवाज त्या ठिकाणापाशी पोचला, ते ओलांडून गेला आणि वर, आणखी वर, एका सुरात गातच राहिला. तिच्या पायाखालची फरशी थरथरत होती. मामाने पुन्हा एकदा करायला लावलं. पुन्हा तसंच.

इंजिन थांबल्यावर फिटरकाका मामाला म्हणाले, "आपण पोतंभर सामान बदललं. ह्या पोरांनी एक वायर हलवली."

"पोरं नव्हेत, गुरू आहेत आपले," मामा म्हणाला आणि त्याने तिघांच्या डोक्यांवर आपले तेलकट हात फिरवले. "आता गुरूंनी माझा फोनही शोधून द्यावा."

भोपळ्या उठला. फोन चांगलाच उबदार झाला होता.

मामाने आईला सगळं सांगितलं, स्वतःच्या नटवण्यासकट. पलीकडून आईचं हसणं शेडभर ऐकू आलं. मग तो म्हणाला, "मला काय विचारतेस, तुझ्याच लेकीनं पकडलं," आणि फोन भिंगरीच्या हातात आला.

किती बोलायचं ठरवलं होतं तिने! त्यातलं काहीच सुचेना. मग आईनेच विचारलं, "कुठवर येतेस गं आता माझ्या? खांद्यापर्यंत?"

"मला नाही माहीत," भिंगरी म्हणाली. "तू शेजारी उभी राहा, मग सांगते."

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन बंद पडला की काय, म्हणून भिंगरीने तो कानाशी आणखी घट्ट धरला. आणि मग ऐकू आलं, दूर तिकडे कुणीतरी मोठ्या बॅगेची चेन करकरत उघडत होतं.